चाकांत लावलेली पेटुनिया

ओलेटा ग्रिंडस्टाफच्या घराच्या चाकांत पेटुनिया लावलेली होती.

घर मूळचं चाकांवरच आलेलं. कारखान्यातून एका ट्रकने ते ओढत आणलं, डॉगवुड एकर्सच्या टेकाडावर ठरलेल्या जागेत उभं केलं आणि ट्रक निघून गेला. त्याच संध्याकाळी तिचा नवरा हर्शल जॅक घेऊन घराखाली शिरला. चाकं काढली. आस काढले. पुढची ओढायची लोखंडी दांडी कापून टाकली. "घराला चाकं नसतात," असं तो म्हणाला होता म्हणे. लोखंड भंगारात गेलं, त्याचे जे पैसे आले त्यात व्हरांड्याचं लाकूड आलं. टायर अंगणात आडवे टाकून पांढरे रंगवले, माती भरली. ओलेटाने त्यांत जांभळी पेटुनिया लावली.

हर्शल जाऊन बरीच वर्षं झाली. पेटुनिया दर वर्षी नवी लावावी लागते. ती लावायची.

आमच्याकडे अशा घरांची नोंद मोटारींच्या खात्यात होते. ओलेटाकडे मालकीचा कागद होता, मोटारीचा असतो तसाच. 'वाहन' असं त्यावर छापलेलं. खालची जमीन मात्र भाड्याची. घर आपलं, घराखालची माती दुसऱ्याची. टेकाडावरचे सगळेच असे राहत.

माती पूर्वी क्लाइड रेनफ्रोची होती. तो ट्रॅक्टरवरून यायचा, भाडं घ्यायचा आणि तासभर बसायचा. एखाद्याकडे नसलं तर टोमॅटो घ्यायचा, चार शिव्या द्यायचा, पुढच्या महिन्यात पुन्हा यायचा. संत नव्हता. पाण्याचा पाइप फुटला की तो देवाला हाक मारायचा, प्लंबरला नाही. पण तो मेला आणि त्याच्या मुलांनी टेकाड परराज्यातल्या एका कंपनीला विकलं. कंपनीचं नाव दोन वेळा बदललं. आम्ही तिला कंपनीच म्हणतो.

ओलेटा शाळेची बस चालवायची. पोरांची ती मिस ओलेटा; आमच्याकडे मोठ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात. माझ्या वयाचे, माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठे, सगळे तिच्या बसमधले. ती धिप्पाड, हात फावड्यासारखे, आवाज बसच्या मागच्या काचेपर्यंत जाणारा. मी पुस्तक वाचता वाचता बसमध्ये ओकायचे, म्हणून तिने मला कायमची पहिल्या सीटवर बसवली होती.

बस चालवणाऱ्या माणसाला काउंटीत कोण कुठून उठलं ते सर्वांत आधी कळतं. पोर एका थांब्यावर चढत असतं. मग आजीच्या थांब्यावर चढायला लागतं. मग हमरस्त्यावरच्या मोटेलसमोर. मग चढतच नाही. हे तिने मला पुढे सांगितलं. लहानपणी आम्हाला वाटायचं, मोटेलवर राहणाऱ्यांची मजा आहे.

मी साहित्यात पदवी घेऊन परत आले तेव्हा गावात मला परवडेल अशी खोली नव्हती. तळ्याकाठी बाहेरची माणसं आली होती, घरात बसून लांबच्या शहरातल्या नोकऱ्या करणारी. पिठाच्या गिरणीत फ्लॅट झाले होते आणि दारावर 'गिरणी' असंच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. तिथल्या एका खोलीचं भाडं ऐकून मी फोनवर पुन्हा विचारलं. त्या बाईने तोच आकडा पुन्हा सांगितला, जरा मोठ्याने. मला दवाखान्यात फोन घ्यायची नोकरी लागली होती. मी डॉगवुड एकर्समध्ये कंपनीकडून एक घर भाड्याने घेतलं. फ्रीजवर कुणाच्या तरी मुलीची चुंबकाची अक्षरं तशीच होती.

पहिल्याच दिवशी ओलेटा शिजवलेला घेवडा आणि मक्याचा पाव घेऊन आली.

"ओकणारी पोरगी ना तू?"

"हो, मिस ओलेटा."

"कॉलेजात गेलीस म्हणे. काय शिकलीस?"

"साहित्य."

"म्हणजे कादंबऱ्या?"

"कविता पण."

"अरे देवा," ती म्हणाली. मग घरभर नजर फिरवली. "कोणाच्या घरात राहतेयस माहितेय का, कॉलेज?"

तेव्हापासून तिने मला नावाने हाक मारली नाही.

घर प्रुइटांचं होतं. प्रुइटांनी ते हप्ते भरून पुरतं फेडलेलं. मग जागेचं भाडं वाढलं, पुन्हा वाढलं. घर उचलून न्यायचं तर ट्रकवाला मागतो तेवढ्यात इथे जुनी गाडी येते. प्रुइट नवरा-बायको पोरीला घेऊन घर टाकून गेले. टाकलेलं घर कंपनीचं झालं.

"आणि आता ते तुला दिलंय भाड्याने," ओलेटा म्हणाली. "फुकट मिळालेलं. किती देतेस?"

मी सांगितलं. तिने शीळ घातली.

"खा," ती म्हणाली. "गार होतंय."

कंपनीचा मॅनेजर ब्रायसन. माझ्याच वयाचा. बिनबाह्यांचं फुगीर जाकीट घालायचा आणि आम्हाला 'कम्युनिटीचे सदस्य' म्हणायचा. वसंतात एकदा तो ओलेटाच्या अंगणात उभा राहिला. मी तिच्या व्हरांड्यात होते.

"मिसेस ग्रिंडस्टाफ, हे टायर काढावे लागतील."

"का रे बाळा?"

"नवा नियम आहे. वाहनाशिवाय टायर बाहेर ठेवता येत नाहीत."

"वाहन आहे की." तिने अंगठ्याने मागच्या घराकडे दाखवलं. "हे काय."

त्याला कळलं नाही. तो हसला. "म्हणजे, दिसायला बरं नाही. आपण कम्युनिटीचा दर्जा वाढवतोय."

"कोणासाठी?"

"तुमच्यासाठीच."

"किती गुणाचं गं माझं लेकरू," ओलेटा म्हणाली.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया असं म्हणाल्या की शहाण्या माणसाने घरी जावं. ब्रायसन बाहेरचा होता. त्याने आभार मानले.

टायर हलले नाहीत. दंड लागला. तिने भरला. भाडं त्या वर्षी दोनदा वाढलं. क्लाइडच्या वेळी तिच्या पेन्शनमधलं थोडंसंच जायचं. आता निम्म्याहून जास्त जाऊ लागलं. नव्या वर्षापासून आणखी वाढेल, असं ब्रायसनने गाडीची काच खाली करून, गाडी न थांबवता सांगितलं.

कशासाठी? तेच टेकाड. तोच खडीचा रस्ता, उलट खड्डे जास्त. पाइप अजून फुटतच होते. कंपनीने एकच गोष्ट नवी केली होती. फाटकाजवळ दगडी पाटी बसवली होती आणि तिच्यावर रात्रभर दिवा जळायचा.

ओलेटाने आधी घरातलं इंटरनेट काढलं. मग दातांच्या डॉक्टरकडे जाणं सोडलं. मग रविवारच्या चर्चच्या जेवणाला काही करून न्यायचं थांबवलं. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मग चर्चलाही जाईना. दोन रविवार पाद्री येऊन गेला. तिने त्याला गुडघा दुखतो म्हणून सांगितलं.

आम्ही दोघी तिच्या ट्रकमधून दुसरी जागा शोधायला निघालो. पहिल्या ठिकाणी अर्ज करायचेच पैसे मागितले. दुसऱ्या ठिकाणी एक गोड बोलणारी मुलगी म्हणाली की भाड्याच्या तीनपट उत्पन्न असल्याचं दाखवावं लागेल.

"पोरी," ओलेटा म्हणाली, "तीनपट असतं तर मी तुझ्याकडे कशाला आले असते?"

"आमचं धोरण आहे, मॅडम."

"तू कुठे राहतेस?"

मुलीने अर्ज खणात सरकवला. "आईकडे," ती म्हणाली.

तिचा भाचा लोनी म्हणाला, घर माझ्या शेतात आणून ठेव, मावशी, मी कुठे तुझ्याकडून भाडं मागणार आहे. ट्रकचं मी बघतो, दोन वर्षांनी पैसे दे. ओलेटा त्या दिवशी गाणं म्हणत होती. आम्ही काउंटीच्या कचेरीत परवान्यासाठी गेलो. काचेमागे डेरेक होता. तोही बसमधला.

"मिस ओलेटा, इतकं जुनं घर काउंटीत नव्या जागी ठेवता येत नाही."

"का?"

"सुरक्षिततेसाठी."

"मी आत्ता त्यातच राहते, डेरेक."

"आहे तिथे आहे तोवर चालतं."

"म्हणजे हललं की ते धोक्याचं होतं?"

"नियम तसा आहे."

ओलेटाने काचेवर दोन्ही हात ठेवले. "डेरेक, तू माझ्या सीटच्या खाली च्युइंगम चिकटवायचास."

त्याचे कान लाल झाले. "हो, मिस ओलेटा."

"अजून तेच करतोयस."

परत येताना ती ट्रकचे गिअर खाडखाड बदलत होती. मी विचार करत होते. कर घेताना ते घर असतं. नोंद करताना वाहन असतं. हलवायला गेलं की भंगार असतं. एकाच वस्तूला इतकी नावं ठेवता येतात आणि प्रत्येक नावाने मार तिलाच बसतो. भाषेचा हा उपयोग मला कॉलेजात कुणी शिकवला नव्हता.

शरद ऋतूत काउंटीच्या मंडळाची बैठक होती. विषय, 'परवडणारी घरं'. अध्यक्ष स्वतः घरांचा दलाल. बोलायला प्रत्येकाला मोजून थोडी मिनिटं, संपली की घंटा. ओलेटाने इस्त्रीचा ब्लाउज घातला होता. तिने भाषण लिहून आणलं नव्हतं. ती माइकसमोर उभी राहिली आणि थांबे सांगायला लागली. हिकरी रस्त्याचा थांबा, तिथून सहा पोरं चढायची, आता तिथे सुट्टीत येणाऱ्यांची भाड्याची घरं आहेत, एकही चढत नाही. गिरणीचा थांबा, बंद. जुन्या शाळेच्या मागचा थांबा, बंद. मोटेलचा थांबा मात्र वाढला, तिथे आता बसमध्ये पुरेशी जागा नसते.

अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

"भावना नाही रे. थांबे सांगतेय मी."

"बाजारभाव कुणाच्या हातात नसतो, मिसेस ग्रिंडस्टाफ."

"मग तू कमिशन कशाचं घेतोस?"

लोक हसले. घंटा वाजली. ओलेटा म्हणाली, "माझ्या बसमध्ये घंटा मी वाजवायचे," आणि माइकपासून हलली नाही. शेवटी एक पोलीस तिच्याजवळ आला. तोही बसमधलाच. त्याने तिच्या कोपराला हात लावला नाही, नुसता शेजारी उभा राहिला. "चला, मिस ओलेटा," तो हळूच म्हणाला. "प्लीज." ती त्याच्यासाठी बाहेर आली.

मंडळाने एक समिती नेमली.

पुढच्या आठवड्यात ब्रायसन व्हरांड्यात आला. या वेळी बसला. मी आत कॉफी ओतत होते.

"आम्ही तुमच्या परिस्थितीचा विचार केलाय," तो म्हणाला. "तुम्ही घर आमच्या नावावर करून द्या. शेवटच्या महिन्याचं भाडं माफ. घर तोडायचा, उचलायचा खर्चही आमचा. तुम्हाला काही त्रास नाही."

"तोडणार?"

"म्हणजे... हो. बहुधा."

ओलेटाने माझ्याकडे बोट केलं. "हिच्या घरासारखं?"

ब्रायसनने माझ्याकडे पाहिलं. मग बुटांकडे. तो वाईट मुलगा नव्हता, असं मी कुणाला तरी एकदा म्हणाले होते. आता म्हणणार नाही. त्याला सगळं ठाऊक होतं आणि तो आमचीच कॉफी पीत होता.

"विचार करा," तो म्हणाला.

तो गेल्यावर ओलेटाने त्याची उरलेली कॉफी अंगणात ओतली. थंडीने पेटुनिया काळी पडली होती.

"मी त्यांना हे घर देणार नाही," ती म्हणाली.

"मग काय करणार?"

"ते माहीत नाही. पण देणार नाही. फळ्या उचकटून चुलीत घालीन. त्यांना नाही देणार."

अग्निशमन दलात आमच्याकडे गावचीच माणसं असतात, बिनपगारी. दलासाठी पैसे उभे करायला ती शनिवारी कोंबड्या भाजून विकतात. दलाचा प्रमुख ड्यूई बकनर. एरवी दुधाचा टँकर चालवतो. तो भट्टीशी उभा होता, अंगावर अ‍ॅप्रन, हातात चिमटा.

"धंदा कसा आहे?" ओलेटाने विचारलं.

"कोंबड्या खपतात. पोरं शिकवायला जाळता येईल असं घर मिळत नाही. नव्या पोरांनी खरी आग बघितलेलीच नाही. जुनं कोठार होतं ते गेल्या साली जाळलं."

"माझं घर घे."

ड्यूई हसला. मग थांबला. "थट्टा करताय, मिस ओलेटा."

"मी बसमध्ये कधी थट्टा केली?"

"नाही."

"मग?"

त्याने चिमटा खाली ठेवला. "तुम्ही राहणार कुठे?"

"बहिणीकडे. ओहायोत. तिची शिवणाची खोली आहे."

मला हे माहीत नव्हतं. मी तिच्या शेजारी कागदी ताटली घेऊन उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मिस ओलेटा, आयुष्य गेलं तुमचं या काउंटीत," ड्यूई म्हणाला.

"गेलं ना. आता घर ने. कोंबडी करपतेय तुझी."

टेकाडावर जाळता येत नव्हतं, शेजारी लोक. घर दलाच्या सरावाच्या मैदानात न्यावं लागणार होतं, मीठ साठवतात त्या कोठारामागे. त्यासाठी परवाना हवा. पुन्हा तीच कचेरी, तीच काच, तोच डेरेक. आठवडा संपायच्या आत परवाना आला. तपासनीस येऊन भिंती, छत बघून गेला, सही करून गेला.

राहायला न्यायचं होतं तेव्हा घर धोक्याचं होतं. जाळायला न्यायचं म्हटल्यावर त्याला रस्ता मोकळा झाला. सबंध काउंटीत त्या घराला घ्यायला एकच पत्ता तयार होता.

मी डेरेकला फोन केला. त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझंही भाडं वाढलंय गं," आणि फोन ठेवला.

दलाच्या पोरांनी व्हरांडा सोडवला. हर्शलने एकही खिळा वापरला नव्हता, सगळे स्क्रू. पोरं शिव्या घालत होती आणि कौतुकही करत होती. एका शेतकऱ्याने आस आणि चाकं उसनी दिली. दांडी ड्यूईने स्वतः वेल्डिंग करून बसवली. ओलेटा म्हणाली, "चाकं माझी आहेत की. तीच लाव." ड्यूई अंगणात गेला, टायरची माती बाजूला केली, बोटाने दाबलं. रबराचा तुकडा बिस्किटासारखा मोडून हातात आला.

"यांच्यावर आता काही जायचं नाही, मिस ओलेटा," तो म्हणाला.

"तेव्हा हसत होता मेला," ती म्हणाली. हर्शलबद्दल. "म्हणे आता आपल्याला कोण हलवतंय."

घर निघालं त्या सकाळी ब्रायसन फाटकात गाडी आडवी लावून उभा राहिला.

"हे असं नेता येणार नाही. वरच्यांना विचारावं लागेल."

ओलेटा ड्यूईच्या ट्रकमध्ये पुढे बसली होती, मी मध्ये. तिने काच खाली केली आणि मालकीचा कागद बाहेर धरला.

"वाच."

"मिसेस ग्रिंडस्टाफ..."

"मोठ्याने वाच. काय लिहिलंय?"

त्याने वाचलं. "वाहन."

"भाडं थकलंय?"

"नाही, पण..."

"मग माझं वाहन मी बाहेर काढतेय. गाडी बाजूला घे, बाळा."

त्याने घेतली. त्या सगळ्या वर्षात मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

पुढे दलाची गाडी, दिवे लुकलुकत, भोंगा बंद. मागे आमचा ट्रक, त्याला जोडलेलं घर. त्याच्या मागे टेकाडावरच्या लोकांच्या गाड्या, दिवे लावून. सगळं चालत्या माणसाच्या वेगाने. खिडक्यांचे पडदे तिने काढले नव्हते, ते हलत होते.

समोरून एक पिकअप येत होता. तो कडेला थांबला. चालकाने टोपी काढली. मागची गाडी थांबली. तिच्या मागची. टपालवाली थांबली. सिमेंटचा ट्रक थांबला. पूल ओलांडेपर्यंत रस्त्याच्या त्या बाजूला गाड्यांची रांग लागली होती आणि माणसं हात मांडीवर ठेवून मान खाली घालून बसली होती.

"काय झालंय या लोकांना?" ओलेटा म्हणाली.

आमच्याकडे अंत्ययात्रा दिसली की समोरची गाडी कडेला थांबते. ओळख असो, नसो. तिला हे माहीत होतं. बस घेऊन तीही थांबायची आणि आम्हाला गप्प बसवायची.

"त्यांना वाटतंय कोणी तरी गेलंय," ड्यूई म्हणाला.

तिने काच खाली केली. "अरे, कोणी मेलं नाहीये!" ती बसमधल्या आवाजात ओरडली. "चला! निघा इथून!"

कुणी हललं नाही. एका म्हाताऱ्याने टोपी छातीशी आणखी घट्ट धरली.

मागून हॉर्न वाजला. तळ्याकडची एक चकचकीत गाडी रांग ओलांडून, घराला जवळजवळ घासून पुढे निघून गेली. आत कुणी फोनवर बोलत होतं.

ओलेटाने काच वर केली. "मूर्ख लेकाचे," ती म्हणाली. कुणाला ते कळलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "हर्शलच्या वेळी एवढ्या गाड्या थांबल्या नव्हत्या."

मला हुंदका आला.

"रडायचं असेल तर उतर, कॉलेज. चालत ये."

मी रडले नाही.

सराव दिवसभर चालला. मला वाटलं होतं, एक काडी लावतील आणि संपेल. तसं नसतं. आधी नुसता धूर करून आत माणसाच्या वजनाचा बाहुला ठेवला. पोरं रांगत गेली, त्याला ओढत बाहेर घेऊन आली. बाहेर टाळ्या. मग मागची खोली पेटवली. विझवली. न्हाणीघर पेटवलं. विझवलं. स्वयंपाकघर पेटवलं, छतापर्यंत जाऊ दिलं, विझवलं. दर वेळी ड्यूई घड्याळ बघून ओरडायचा, "वाचलं!" आणि नवी पोरं तोंडावरचा मुखवटा काढून एकमेकांच्या पाठीवर थाप मारायची.

ओलेटा घडीच्या खुर्चीत बसून बघत होती. मांडीवर कॉफीचा थर्मास.

"बघ," ती म्हणाली. "किती जण वाचवतायत."

पुन्हा पेटवलं. पुन्हा वाचवलं. मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता, आणि समोर धरण्यासारखा एकही गळा नव्हता. सगळी आपलीच पोरं. पाण्याने भिजलेली, काळवंडलेली, तिला अहोजाहो करणारी. त्यातला एक जण गेले कित्येक महिने आपल्या ट्रकमध्येच झोपतो, व्यायामशाळेच्या आवारात. तिथे अंघोळ करता येते म्हणून. तो आतून बाहेर आला, मुखवटा काढला, ओलेटासमोर उभा राहिला.

"मिस ओलेटा, बेडरूम छान होती हो तुमची."

"हो," ती म्हणाली. "सकाळचं ऊन यायचं."

त्याने मुखवट्यातलं पाणी झटकलं. मग म्हणाला, "मला दिली असती तरी चाललं असतं."

"तुला घेऊ दिली नसती रे, राजा," ओलेटा म्हणाली. "ठेवणार कुठे होतास?"

शेवटी ड्यूई आला. "आता शेवटची, मिस ओलेटा. आता पाणी मारणार नाही. तुम्ही लावता का?"

"मी लावत नसते," ती म्हणाली. "माझं ते काम नाही. तुम्ही लावा आणि नीट शिका. उद्या कुणाच्या खऱ्या घरात जायचंय तुम्हाला."

खऱ्या. तिच्या तोंडून हा शब्द निघाला आणि तिलाच ते ऐकू गेलं. तिने थर्मासचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

पोरं पाइप खाली ठेवून ओळीने उभी राहिली. हर्शलला व्हरांडा बांधायला अख्खा उन्हाळा लागला होता. घर एका जेवणाच्या वेळात गेलं. आधी खिडक्या, मग छप्पर वाकलं, मग भिंती आत पडल्या. उरलं ते उसन्या चाकांवरचं लोखंड.

ओलेटा उठली. खुर्ची घडी केली.

"हे भाड्याने द्या म्हणावं आता," ती म्हणाली.

सोमवारी लोनीने तिला ओहायोला पोचवलं. ती मला आठवड्यातून एकदा फोन करते. बहिणीचं शिवणयंत्र तिच्या पलंगाच्या पायथ्याशी आहे, कूस बदलताना पायाला लागतं. तिथे बस चालवणारी बाई वळण फार जोरात घेते, असं ती म्हणते. काउंटीची समिती अजून बसते आहे. तिने आतापर्यंत एक अहवाल काढला. त्यात 'थांबा' हा शब्द कुठेही नाही.

तिच्या जागेवर कंपनीने राखाडी रंगाचं नवं घर आणून ठेवलं. त्याची चाकं रंगीत पत्रा मारून झाकलीत. तळ्याकाठच्या वाढत्या भाड्याने हाकललेलं कुणी तरी आत राहायला आलं आहे. त्यांचं भाडं मी विचारलं नाही.

टायर मी माझ्या अंगणात आणले. पांढरा रंग दिला, माती भरली. मेमध्ये जांभळी पेटुनिया लावली. पहिला दंड लागला. दुसरा लागला. मग ब्रायसन स्वतः आला.

"हे इथे ठेवता येत नाहीत," तो म्हणाला. "नियम तुला माहितेय. टायर असेल तर वाहन पाहिजे." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "यांचं वाहन कुठंय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.

मी नळ सोडला, पाइप उचलला आणि पेटुनियाला पाणी घालायला लागले. त्याचे बूट भिजले तरी तो उत्तराची वाट बघत उभा होता.